रापाताचा अर्धा कान

तुरुहिरा : अशी उंबऱ्यात काय उभी, हुहाना? ये, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बैस. अठरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आहे. तुझ्या रापाताकाकाला मातीत ठेवण्याआधी सांगते.

हुहाना : आत्या, मी त्याच्या तोंडाकडेही बघणार नाही. त्यासाठी बोलावलं असशील तर माझी चारची बस आहे.

तुरुहिरा : बस काय, उद्याही येते.

हुहाना : सहा वर्षांची होते, आंधळी नव्हते मी! माझ्या बापाच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता तो. फासळ्या मोडल्याचा आवाज ऐकलाय मी. दोरानं आवळलं, तोंडात लाकूड कोंबलं, दात पडले, रक्त नुसतं... आणि नदीकाठच्या वाळूत गळ्यापर्यंत गाडलं. सख्ख्या भावाला!

तुरुहिरा : दोर मी दिला गं. खड्डाही आम्ही दोघांनी खणला. घाल, मलाही शिव्या घाल.

हुहाना : तू?

तुरुहिरा : तुतूच्या झुडपाचं विष चढलं की आपल्यात असंच करतात. बांधलं नाही तर माणूस स्वतःची हाडं मोडतो, लाकूड नसलं तर जीभ तोडतो. ओली वाळू धरून ठेवते. तुझ्या बापानं, एपिहानं, पहिल्याच झटक्यात तुझ्या आईला भिंतीवर फेकलं, दुसऱ्यात रापाताचा अर्धा कान चावून काढला. प्रभूचं नाव घेत घेत बांधलं त्याला.

हुहाना : तुतू... थांब. आमच्या हॉस्पिटलच्या जुन्या कागदांत बाबांचा कागद सापडलाय मला. मृत्यूचं कारण लिहिलंय, ‘अपस्मारजनक द्रव्य’.

तुरुहिरा : कोर्टात वाचला होता की तो शब्द! वाचणारा तीनदा अडखळला. मला वाटलं, मोठ्या लोकांची शिवी असेल. म्हणजे काय गं?

हुहाना : फेफरं नसलेल्या माणसालाही झटके आणणारी वस्तू. फार क्वचित लिहितात तो शब्द. आणि लिहिला की पुढे एकच प्रश्न येतो, यानं खाल्लं काय? कुणी मारलं, हा नव्हे.

तुरुहिरा : न्यायाधीशानं विचारलं तसं. रापाता खांबासारखा उभा. गप्प बसला म्हणजे दोषी, असं ठरलं. चार वर्षं तुरुंगात दगड फोडले त्यानं.

हुहाना : पण का? ‘तुतूची फळं खाल्ली’ म्हणाला असता तर सुटला असता!

तुरुहिरा : फळं नव्हेत. मध. तुतूवरचे किडे गोड चिकटा सोडतात, फुलं आटली की माश्या तोच गोळा करतात. म्हणून ख्रिसमसनंतर रानातलं पोळं आपण काढत नाही.

हुहाना : बाबांना ठाऊक होतं ना हे?

तुरुहिरा : होतं. पण पावाला लावून कुणी प्रेमानं पुढे केला, त्याला वाटलं घरच्या बरणीतला.

हुहाना : कुणी?

तुरुहिरा : (तिचा हात हातात घेते.)

हुहाना : आत्या, फेब्रुवारी होता. पोकळ खोडातलं पोळं... मी काठीनं... माश्या डसल्या होत्या मला.

तुरुहिरा : तूही बोटं चाटली होतीस. रापातानं आधी तुझ्या घशात बोटं घालून तुला ओकायला लावलं, मग भावाकडे धावला. तेवढाच उशीर झाला.

हुहाना : आणि कोर्टात...

तुरुहिरा : मला म्हणाला, “मध म्हटलं की विचारतील, दिला कुणी? पोरीचं नाव त्या कागदावर चढायला नको. मला म्हणू देत खुनी.” तो जिवंत असेतो बोलायचं नाही, अशी शपथ घातली.

हुहाना : मी थुंकले होते त्याच्यावर. भर बाजारात, खरंच थुंकले होते.

तुरुहिरा : ठाऊक आहे. तोंड पुसून घरी आला नि म्हणाला, “पोरगी दणकट झालीय हं!” दिवसभर खुशीत होता मेला.

(बाहेर सभाघराच्या ओसरीवर, शवापाशी बसलेल्या बायकांचा रडण्याचा सूर चढतो.)

हुहाना : आता काय म्हणू मी त्याला?

तुरुहिरा : काही म्हणू नकोस. दर महिन्याच्या बाराव्या दिवशी आपण प्रार्थना गातो ना, पुस्तक न उघडता? गेलेल्यांची नावं येतात तिथं तू ‘एपिहा’ म्हणतेस आणि थांबतेस. यापुढे थांबू नकोस. पाठोपाठ रापाताही आठव, एवढंच मागते.