पाडव्याआधीची कवळी

दातांच्या डॉक्टरांकडे बाकावर माझ्या शेजारी उचगावच्या झुंबरबाई आणि कसबा बावड्याचे जोतीराम बसले होते.

“माझी प्लास्टिकची कवळी, पावणं. धुताना पडली की दोन तुकडं,” झुंबरबाई म्हणाल्या.

“माझी मऊ हाय. मोडत न्हाय, पर बसत बी न्हाय. हाळी दिली की तीच आधी भाईर येती.”

“हाळी कुणाला देताय?”

“म्हशीला. दिवाळी पाडव्याला पळवायची हाय, माझ्या हाळीवर. आता माझा आवाज वळखतच न्हाय. नुसती रवंथ करत बसती.”

“मग धातूची घ्या की. माझ्या दिराची हाय. पातळ असती, टाळ्याला गच्च बसती, जिभंला जागा ऱ्हाती.”

“तीच न्यायला आलोय.”

जोतीरामांना आत बोलावलं. नवी कवळी घालून बाहेर आले, तेच सुनेला फोन लावून. फोनचा आवाज मोठा केला.

“पूर्णिमा, फोन म्हशीच्या कानाला धर. धरलास? हुर्रर्र! ये गं चंद्रे, ये!”

फोनमधून पूर्णिमा ओरडली:

“मामा, दावं तोडून रस्त्याला लागली की ही!”

“रिक्षा करा, पावणं,” झुंबरबाई म्हणाल्या, “न्हाईतर म्हस हितं यायची.”