जावयाची कॉलर

पंचाहत्तर साली पहिल्या दिवाळसणाला मी उतावीळपणे चार दिवस आधीच अल्लीपूरला सासरी पोचलो. जावयाला तिथं पाण्याचा पेलासुद्धा कोणी उचलू देईना. अंगणात सासरे भिंतींना मारायच्या चुन्याचे खडे ड्रममध्ये टाकून वरून पाणी ओतत होते. आपणही हातभार लावावा म्हणून मी काठीनं ढवळायला वाकलो, तर त्यांनी माझी कॉलर धरून मागं ओढलं. मी उताणाच पडलो.

सासूबाई म्हणाल्या, "अवो, काय करून राह्यले? जवाई हायेत ते."

तेवढ्यात ड्रममधून उकळता चुना फटकन वर उडाला.

सासऱ्यांनी मला उठवलं. "माफ करा, जवाईबापू," ते म्हणाले, आणि आपल्या पांढऱ्या पडलेल्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. "मले मागं ओढाले कोणी नव्हतं."