प्रेशर सव्वीस, त्रास काही नाही

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर विश्वजीत ठोसर सर, मंचावरचे सर्व वडीलधारे डॉक्टर, रोज सगळ्यांच्या आधी येऊन दवाखाना उघडणारे आमचे शकीलभाई, कामोठ्याच्या शाखेतून सुट्टी टाकून आलेल्या मैत्रिणी आणि सभागृहातल्या माझ्या सर्व माणसांनो, या किशोरी पाटकरचा तुम्हाला नमस्कार.

एकतीस वर्षं मी इथे डोळ्यांचं प्रेशर मोजलं. आत्ताच कादंबरीताई म्हणाल्या, किशोरीच्या हातून एकही पेशंट सुटला नाही. ताई, प्रेम आहे तुमचं. पण ते खरं नाही, आणि हे कौतुक घेऊन घरी जायला मन तयार नाही. पाच मिनिटं द्याल ना?

नऊ वर्षांपूर्वी महादेव कोळी चष्म्याचा नंबर काढायला आले. उरणकडचे, बंदरात क्रेन चालवायचे, वय चव्वेचाळीस. दोन्ही डोळ्यांचं प्रेशर सव्वीस; एकवीसच्या आत हवं. नजर स्वच्छ, डोळ्यामागची नस शाबूत. म्हणजे काचबिंदू नव्हता, नुसतं प्रेशर वाढलेलं. अशा दहांतल्या नऊ जणांना पाच वर्षांत काही होत नाही, हे मीच त्यांना हसत सांगितलं. मग दहावा कोण, हे ओळखायचं कशावरून? वाढतं वय, प्रेशर किती वर गेलंय, बुबुळावरचा काचेसारखा पडदा किती पातळ, नसेतला खळगा केवढा. महादेवांचा पडदा फारच पातळ निघाला. काचबिंदू रक्तातूनही येतो, म्हणून राहिला घरातल्यांचा प्रश्न. तो विचारणं माझं काम.

"घरात कुणाला काचबिंदू?"

"नाय म्याडम. आयेला मोतीबिंदू हाय, पन तो म्हातारपनाचा."

त्यांची आई, सोनाबाई, बाहेर बाकावर होती. येताना ती भिंत चाचपत आली, ते मी पाहिलं होतं. तिला आत बोलावून तपासायला कितीसा वेळ लागला असता? पण मागे रांग होती. मी कागदावर 'नाही' लिहिलं. सर, तुम्ही त्या 'नाही'वर भरवसा ठेवलात, औषधाचे थेंब सुरू केले नाहीत, चार महिन्यांनी बोलावलंत.

ते आले नाहीत. दुखत नाही, खुपत नाही, कोण येईल? मी एकदा फोन केला. "बरा हाय मी," म्हणाले. मीही ठेवून दिला.

सहा वर्षांनी त्यांची मुलगी रोशनी त्यांना हात धरून घेऊन आली. क्रेनखाली बाजूने आलेला माणूस महादेवांना दिसला नव्हता. माणूस वाचला, नोकरी गेली. उजवा डोळा संपला होता. डाव्यातून नळीतून बघावं तेवढं दिसत होतं. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. रोशनी विचारत राहिली, "पन आदी कसं कळलं नाय?"

मग सोबत आलेल्या सोनाबाईला मी तपासलं. दोन्ही नसा सुकलेल्या. काचबिंदूच. "माजंबी असंच बाजूनी अंधारत गेलं," ती म्हणाली. "मना वाटलं, वयच झालं."

रोशनीला त्याच दिवशी खुर्चीत बसवलं. तेवीस वर्षांची पोर. प्रेशर चोवीस, पडदा बापासारखाच पातळ. दर सहा महिन्यांनी ये, म्हटलं. दोनदा आली. मग महादेवांचा फोन. "म्याडम, पोरीचं लगीन ठरलंय. आता बोलवू नका. सासरी कळलं तर मोडंल."

मी भांडले. तुमचं काय झालं ते विसरलात का, इथपर्यंत बोलले.

"इसरंन कसा?" ते म्हणाले. "म्हनून तर लपवतोय."

गेल्या वैशाखात ती सासरी गेली. नंबर बदलला. तिच्या फाइलवर पुढच्या तारखेची जागा कोरी आहे.

ओवे गावच्या, तळोज्याच्या नेत्रतपासणी शिबिरांत मी हल्ली प्रत्येकाच्या आईला, भावाला समोर बसवायचे. निम्मे लोक उठून जायचे. उद्यापासून माझं तेवढंही संपलं.

निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, कळतं मला. साडी-श्रीफळ दिलंत, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

आजच्या कार्यक्रमाला मी महादेवांनाही बोलावलं होतं. गाडी पाठवते म्हटलं.

"येऊन काय बघू?" म्हणाले.

नमस्कार.