पांढऱ्या पाटीचं भात

— न्हाई न्हाई सायेब, असं नका लिहू! पावडर कुचकामी? आवं, ह्या लंकाबाईचं ऐका. राजूरच्या खाली करप्याच्या रोगानं सगळ्यांचं भात होरपळल्यागत झालंय, आन आमच्या आंबेमोहोरावर डाग न्हाई. मंग ही करनी कुनाची? — व्हय, कळलं मला. निम्म्या खाचरात लाल पाटी, तिकडं फवारलं. निम्म्यात पांढरी पाटी, तिकडं न्हाई. दोन्हीतला फरक उद्या मोठ्या सरांना दाखवायचा, तर तुमची डिग्री. आन फरकच न्हाई! बसा आधी, च्या घ्या. असं तोंड पाडू नका.

मला तर पावडर पैल्या दिशीच पटली. तुमीच सांगितलं न्हाई का — बुरशी पानावर बसती, काळी टनक हुती, मंग पान टोचून आत शिरती. पावडर तिला मारीत न्हाई, नुसती टनक हू देत न्हाई. बसंना का बिचारी, टोचायचा जोरच न्हाई! लई आवडलं मला. जीव न्हाई घ्यायचा, माज तेवढा उतरवायचा. आमच्या आक्काबाईला, म्हंजी जावंला, पाजता येती का म्हनून इचारलं बी हुतं — तुमी हसलात. पन बुरशी आत शिरायच्या आधीच पावडर मारावी लागती, मागनं काय उपेग न्हाई, हे बी तुमीच सांगितलं. म्हनून तर घाई केली.

— कसली घाई म्हंजी? तुमी गनपतीला गावाकडं गेल्ता. आभाळ धरलेलं, शेजारच्या मच्छिंद्राच्या भातावर ठिपके आलेले. आन एकाच खाचरातलं भात — निम्म्याला वाढायचं, निम्म्यानं तोंडाकडं बघत बसायचं? लेकाच्या ताटात तूप आन पुतन्याच्या ताटात कोरडं? असला पंक्तीपरपंच आमच्या घरात कुनी केला न्हाई, सायेब. डब्यात पावडर उरलीच हुती. ह्यांनी पंप पाठीवर घेतला, मी पानी आनलं, पांढऱ्या पाटीकडं बी झकास मारली. बघा की, कशी लागू पडली! लिहा आता, लई गुनाची हाय म्हनून —

सायेब? आवं, च्या सांडला की अंगावर! काय झालं? — निघालात? बरं, निघा. फुडल्या साली परत या, हेच खाचर घ्या, आनंदानं देते. पन दोन्हीकडं फवारायचं, हे आत्ताच सांगून ठेवते.