टेडचं पान

हॅलो?… हॅलो, आई? हां, बोल… अगं येतोय आवाज, ओरडू नकोस. सिमेटरीत आहे मी, लोक बघतात.

हो, हो, पान मांडलं. केळीचं कुठून आणू इथे? स्टीलची ताटली घेतलीय. भाजणीचे वडे, आमटी, खीर… खीर अर्धी सायकलच्या टोपलीत सांडली. अळू? अळू नाही मिळालं, पालक घातला. इंग्रज पोरगा गं, त्याला काय कळतंय अळू की पालक!

दक्षिणेला?… थांब, चर्च तिकडे, म्हणजे… हो, वळवली ताटली.

कोण हसतंय?… जयंतीकाकू आल्यात का गच्चीवर? स्पीकरवर टाक. नमस्कार काकू… नाही हो, मुलगा नाही दत्तक घेतला, कबर घेतलीय! इथली पद्धत आहे. आइंडहोव्हनच्या अलीकडे आमचं गाव ना, तिथे महायुद्धात एक बाँबर विमान पडलं होतं. त्यातल्या पोरांच्या कबरी गावकऱ्यांनी वाटून घेतल्यात. फुलं ठेवायची, दगड पुसायचा. माझ्या वाट्याला टेड आला. विमानाच्या शेपटीत बसून बंदूक चालवायचा. वीस वर्षांचा… हो ना, मिसरूडही फुटलं असेल-नसेल.

आणि हे पानाचं खूळ माझं नाही हं काकू, तुमच्या मैत्रिणीचं!… बरं बाई, खूळ नाही. आठवतंय गं. मनोहरमामा एकाहत्तरच्या लढाईत सीमेपलीकडे गेला, त्याचं काहीच परत आलं नाही. तिकडे कुणी बाई त्याला घास घालत असेल, मग आपण इथल्या पोराला सर्वपित्रीला उपाशी का ठेवायचं… पाठ झालंय मला.

म्हणजे काय, तू अजून जेवली नाहीस? अडीच वाजले तिकडे!… मामाच्या पानाला अजून नाही शिवला? आजी-आजोबांची पानं फस्त आणि मामाचं तसंच?… दरवर्षी भाव खातो गं तो. जेवून घे तू… बरं, नको जेवूस.

नाही, इथेही नाही. दोन बसलेत भिंतीवर… कावळेच आहेत! मानेला राखाडी नाही, काळेकुट्ट नुसते. इकडे असेच असतात. पासपोर्ट बघू का त्यांचा?… काव काव करू? मी? आई, समोरून सायकली जातायत… काव. काव काव… एक आजोबा सायकलवरून उतरून बघतायत. झालं समाधान?

इच्छा? त्याची काय इच्छा राहिली मला काय माहीत!… बरं, म्हणते. टेड, बाबा रे, नेमानं येईन. दगड लख्ख ठेवीन. दिवाळीला पणती लावीन… नाही आई. ढिम्म. एकानं तर पाठच फिरवली.

अगं ऐक ना, मला आवरायला हवं. त्याची बहीण येतेय आत्ता. इंग्लंडहून… सांगितलं होतं मी तुला! डोरिसआजी. नव्वदीला टेकल्यात, आणि पहिल्यांदाच येतायत भावाकडे. काल स्किपोलच्या विमानतळावर उतरल्या, युट्रेख्टला गाडी बदलून आल्या… आणि इथे कुणी परकी बाई त्याच्या उशाशी वडे मांडून बसलेली बघितली तर? घाण केली म्हणतील. दुसऱ्या कुणाला सांभाळायला द्या म्हणतील… नाही, मला नाही चालणार! माझाच झालाय तो आता.

हे बघ, उचलते मी ताटली. लागलं पाप तर लागू दे… अगं आई गं! फाटकाशी टॅक्सी. आल्या! काठी टेकत येतायत. फोन ठेवू नकोस…

गुड मॉर्निंग!… येस, येस, संपदा… धिस? धिस इज… फूड. फॉर टेड. फ्रॉम माय मदर… येस, ऑन द फोन. पुणे.

…आई? आहेस? हळू बोल. सांगितलं सगळं. कावळ्याचंसुद्धा… वाकून बघतायत ताटलीकडे… थांब… हसतायत! आई, हसतायत त्या! म्हणतात, टेडला दुधातला भात बघूनच उमासे यायचे. शाळेत मिळायचा तो गपचूप कुंडीत ओतायचा… मग कसा शिवेल कावळा! तूच म्हणालीस, खीर कर.

अगंबाई, वडा उचलला… खाल्ला!… हो, त्यांनीच. कावळ्याआधी… उष्टं कसलं, सख्खी बहीण आहे त्याची! इतक्या वर्षांनी भावाच्या पंगतीला बसलीय… दुसराही घेतला.

आता पर्समधून काहीतरी काढतायत… बिस्किट. आल्याचं. ताटलीत ठेवलं. दगडावर हात ठेवून बोलतायत त्याच्याशी… म्हणतात, सगळ्यांनाच यायचं होतं रे, मी एकटी उरले. आले बघ.

श्श… आई, श्श. भिंतीवरून एक उतरला. येतोय… तिरका तिरका… गेला! बिस्किट घेऊन गेला!… हो, शिवला, शिवला! वड्यांकडे ढुंकून नाही बघितलं मेल्यानं. मी पहाटेपासून तळतेय… चालतं गं बिस्किट. पानातलंच ना आता?

काय?… एक मिनिट. त्या विचारतायत, तुझ्या आईला आमच्या टेडचं एवढं का… सांगू? सांगते हं.

…सांगितलं. मनोहरमामाचं. गच्चीवरच्या पानाचंही… आई, विचारतायत, त्याला काय आवडायचं?… जिलबी. जिलबी कुठली गं इथे… पण त्यांनी आणखी एक बिस्किट काढलंय. टेडच्या ताटलीतच ठेवलं. नाव नीट सांग म्हणतात. म-नो-हर… हो, म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

आई?… रडतेस? काकू, बघा हो तिच्याकडे…

थांबा. कुणी बोलू नका.

…गेलं, आई. तेही गेलं. भिंतीवरचा दुसरा, पाठ फिरवून बसलेला, तोच… अगं माझ्या डोळ्यांदेखत. शिवला. मामाला शिवला… गच्चीवरचं राहू दे तसंच.

ठेव आता फोन. डोळे पूस, खाली जा… आणि जेव.