ढिलं सोड, आजी!

…आणि वर मलाच म्हणते, "आजी, तू मदत करू नकोस!" ऐका! सत्तरी गाठली, आजवर लोकांनी मला नाही नाही ते सांगून पाहिलं, कांताबाई बोलू नका, कांताबाई भांडू नका, कांताबाई मेथीचा भाव एवढा लावू नका, पण मदत करू नकोस असं सांगणारी ही पहिलीच, आणि तीही कोण, तर माझ्याच लेकाची लेक, आम्रपाली, जिचा शेंबूड मी ह्या पदराने पुसला!

तर झालं असं… तुम्हाला सांगते, तेव्हा पुण्यात ज्याच्या त्याच्या गळ्यात दोरी आणि दोरीला स्वतःचाच फोटो! हरवला तर ओळखू यावा म्हणून असेल. माझा समाधान, हिचा बाप, तोही तसाच फोटो लटकवून कंपनीच्या बसने हिंजवडीला, सून दुसऱ्या बसने खराडीला, नवरा-बायकोची भेट फोनवर. घरोघरची पोरं कॉम्प्युटरकडे पळत होती आणि आमची म्हणाली, मला माणसांचे हातपाय हलवायचेत! वाघोलीच्या एका कॉलेजात नाव घातलं, फिजिओथेरपी असिस्टंट. म्हणजे डॉक्टरीणबाई सांगणार आणि ही करणार. शेक द्यायचा, सांधे हलवायचे, पडलेल्याला उठवायचं, उठलेल्याला चालवायचं. मी म्हटलं, छान. पण सरावाला माणूस नको? घरात दिवसभर रिकामं कोण? आणि माझा उजवा खांदा तर तेव्हा असा रुसून बसलेला, की हात कानापर्यंत जाईना, माझा अंबाडा मला बांधता येईना. सोन्याहून पिवळं!

रोज संध्याकाळी यायची, साबणाने हात धुवायची, नखं तपासायची, तळवे एकमेकांवर घासून गरम करायची आणि माझ्या कॉटपाशी उभी राहून म्हणायची, "नमस्कार आजी, मी आम्रपाली. आपल्या हाताला मी हात लावू का?"

आपल्या! मी म्हटलं, "सकाळी चहात साखर कमी म्हणून ओरडलीस तेव्हा कुठे गेलं होतं गं तुझं हे आपण?"

"आजी, आधी विचारायचंच असतं. शेफाली मॅडम म्हणतात, न विचारता पेशंटच्या अंगाला बोट लावायचं नाही."

…न भांडता मी हात पुढे केला. 

आणि पहिला धडा काय म्हणाल? पेशंटने काही करायचं नाही! पोरीने एक हात माझ्या कोपराखाली घालायचा, एक मनगटाखाली, वर न्यायचा तर तिने, खाली आणायचा तर तिने, मी नुसतं पडून राहायचं. सोपं वाटतं ना? पडून बघा! तिने उचलायच्या आत माझा हात आपला आपण वर!

"ढिलं सोड, आजी."

सोडलं की!

"कुठे सोडलंस? तूच उचलतेयस."

अगं, तुला जड होईल म्हणून…

"होऊ दे जड! तू मदत करू नकोस. ढिलं सोड, आजी!"

आता ढिलं सोडणं मला कुठल्या जन्मी ठाऊक? लहानपणी आमच्या गावी गवताचे भारे आणायचे. भारा डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं, वाटेने जाणाऱ्याला म्हणायचं "जरा हात लावा", की तो लावतो, अनोळखी असला तरी लावतो, रीतच आहे तशी. पण आमच्या भाऱ्याला कोण हात लावणार? बाटतील ना बिचारे! मग आईने युक्ती शिकवली, खाली बस, भारा आधी मांडीवर घे, मांडीवरून छातीवर, छातीवरून डोक्यावर, आणि उठताना कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस. पुढे छप्पन साली आम्ही बुद्धाचे झालो, मग मी लग्न होऊन येरवड्यात आले, डोक्यावर भाजीची पाटी घेतली, गल्लोगल्ली फिरता फिरता दुकानांवरची नावं वाचत स्वतःची स्वतः वाचायला शिकले, आणि इथे पुण्यात लोक म्हणायचे बरं का, "मावशी, लावू का हात?" मी म्हणायची, "तुमचा तुमच्यापाशी असू द्या!" आणि पाटी मांडीवर, छातीवर, डोक्यावर! सगळी उमर उजवा हात त्या पाटीला. नवरा गेला तेव्हा बायका गळ्यात पडायला आल्या, तर मी म्हटलं, दारातून सरका, वारा येऊ द्या. असल्या बाईला ही चिमुरडी म्हणते, ढिलं सोड!

पण खोटं कशाला बोलू… संध्याकाळ झाली की माझे कान रस्त्याला. नगर रोडला गाड्या तुंबल्या की मी इकडे त्या गाडीवाल्यांच्या सात पिढ्या काढायची. मग ती यायची, गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून खांद्यावर ठेवायची आणि वाकून विचारायची, "सोसतंय का, आजी?" मला! सोसतंय का! हे विचारणारं माणूस… जाऊ दे. "सोसतंय," मी म्हणायची, "अजून कडक असलं तरी चालेल."

मग आली परीक्षा. पेशंट आपापला आणायचा, असा मॅडमचा नियम. मी इस्त्रीचं पातळ नेसून वाघोलीला! हिच्या वर्गातला तो विश्वजीत, त्याने मामाला आणला होता. मामा कॉटवर आडवा झाला आणि घोरायलाच लागला हो! हात कुठेही न्या, कसाही न्या, नुसता दोडका! मॅडम खूश, "व्हेरी गुड!" अहो, यात त्या पोराचं काय? मामा जन्माचाच ढिला!

मग आमचा नंबर. आम्रपालीने विचारलं, "आपल्या हाताला मी हात लावू का?" मी म्हटलं, लावा. आणि तिने धरायच्या आत हात वर! पलटणीत सलाम ठोकावा तसा! मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "आम्रपाली, हात पेशंट उचलतायत, तू नाही." पुन्हा केलं. पुन्हा तेच! "ढिलं सोड, आजी." अगं, मी सोडतेय, तो सुटत नाही! तिचे ते घासून गरम केलेले तळवे, तुम्हाला सांगते, बर्फ झाले होते. मॅडम म्हणाल्या, "शेवटची संधी हं. हे नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा बस." माझ्यामुळे! सगळ्या जन्मात मी कुणाच्या आड आले नाही, आणि आले ती सख्ख्या नातीच्या!

तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली. आपण-बिपण सगळं विसरली. हळूच म्हणाली, "आजी, पाटी उतरव. मी धरलीय."

…

कसा सुटला, मला विचारू नका. असा जड पडला माझा हात तिच्या हातात, की पोर खाली वाकली! मग सावरली, आणि सावकाश, सावकाश वर नेला… वर… कानाला लागला हो! मॅडम म्हणाल्या, "गुड." नुसतं गुड! घोरणाऱ्या मामाला व्हेरी गुड आणि मला नुसतं गुड! पण मी भांडले नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. वाघोलीला धूळ फार.

झालं. पोरगी पास, माझा खांदा बरा, अंबाडा माझा मी बांधायला लागले. आणि हेच तर वाईट झालं ना! बऱ्या हाताला कोण हात लावतं? त्यातून तिला बंगलोरला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली. आता रोज तिकडच्या आज्यांना विचारते, हात लावू का, त्यांच्या भाषेत. शिकली म्हणे ती भाषा. चांगलंय… चांगलंच आहे की!

पहिल्या पगारात मला काय पाठवलं असेल? ब्लडप्रेशरचं मशीन. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचं, की घूंऽऽ करत ते दंड धरतं. घट्ट. घटकाभर धरून ठेवतं. मग फुस्स करून सोडतं. हात लावू का म्हणून विचारत मात्र नाही, मेलं. फोनवर ही सांगते, "ढिलं सोड हं आजी, नाहीतर आकडा चुकतो. आणि सकाळी एकदाच मापायचं!"

एकदाच, हो. सकाळी एकदाच. दुपारी एकदाच. आणि संध्याकाळी, तिची यायची वेळ झाली, की… एकदाच म्हणते आणि बटण पुन्हा दाबते. आता ढिलं सोड असं कुणाला म्हणावंही लागत नाही, हात आधीच जाऊन जड होऊन पडतो.

परवा ते मधेच बंद पडलं. सेल संपले. घ्या! मशीनसुद्धा दमलं! उठले, बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात गेले, म्हटलं, हे असले सेल द्या, चांगली पिशवीभर द्या. दुकानदार बघतच राहिला.

"आजी, एवढे सेल? घरी रेडिओ तरी किती आहेत?"

म्हटलं, "रेडिओ नाही, हात आहे. एकच आहे. पिशवी भरा."

भरली त्याने. जड झाली. बिचारा काउंटरमागून बाहेर आला, म्हणाला, "आजी, हात लावू का?"

आणि तुम्हाला सांगते… मी लावा म्हणाले!