टँकर आणि दूरच्या दीर्घिका

…नाही हो, मी भविष्य सांगत नाही! तुम्हीसुद्धा तेच विचारायला आलात ना? एम.एस्सी. झालेय मी, फिजिक्समध्ये! तुम्हाला सांगते, मला मुंबईला संशोधनाची जागा मिळाली होती, सक्रिय दीर्घिकांवर… दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं भलंमोठं गाव, त्याच्या मधोमध कृष्णविवर, ते आजूबाजूचं सगळं ओढून गिळतंय, आणि त्या ओढाताणीत तिथून क्ष-किरण निघतात, ते घटकेत वाढतात, घटकेत कमी होतात… पण नेमकं कधी, ते सांगता येत नाही!

आता आमच्या बेंबळीत पोरीनं शिकायला एवढं लांब जायचं, तर गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमननी, बलभीमअण्णांनी, मान डोलवायला हवी. वडील म्हणाले, "अण्णा हो म्हणू देत, मग जा." अण्णा म्हणाले, "मला एकट्याला काय कळतंय? मीटिंगमदी सांग समद्यांना." झालं! कुणी शिंकलं तरी मी दचकणार, आणि समोर दुष्काळानं करपलेलं अख्खं गाव! सांगितलं कसंबसं. हरणाबाई म्हणाल्या, "पर उजेड वाढतोय कवा, त्ये सांग की!" म्हटलं, मावशी, तेच तर! नेमकं कधी, ते सांगता येत नाही. आता आपला पाण्याचा टँकरच घ्या, यायचा तर आत्ता या क्षणीसुद्धा येईल…

पों पों!

मी थेट टेबलाखाली! वर येऊन बघते तर सभा रिकामी, आणि अण्णा एका हातानं धोतर सावरत, दुसऱ्या हातात घागर घेऊन सगळ्यांच्या पुढं!

पाणी भरून सगळे परतले ते हात जोडूनच. "पोरीनं म्हटलं आन् टँकर आला की वो!" अहो, मी उदाहरण देत होते! "व्हय व्हय," अण्णा म्हणाले, "आसलं मानूस मुंबैला धाडून गावानं काय तहानलेलं ऱ्हायचं? न्हाय जमायचं." वडिलांनी लगेच मान खाली घातली. गेली मुंबई!

आता सकाळपासून दारात बाया. "बाई, आज कवा?" मी ओरडते, नेमकं कधी, ते सांगता येत नाही! की हरणाबाई शेजारणीच्या कानात, "चिडल्यात… म्हंजी उद्या येतोय." परवा तर आलाच नाही टँकर. म्हटलं, सुटले बाई! कुठलं काय… "आभाळातच कायतरी बिघडलं आसंल, बाईंचं न्हाय चुकायचं."

काय बोलायचं, सांगा ना! तिकडं दीर्घिकेच्या गाभ्यातला क्ष-किरणांचा उजेड एका दिवसात निम्मा होतो, आणि इथं माझ्यावरचा गावाचा विश्वास… तसूभर कमी होत नाही हो!